शास्त्रीय कारण द्या : हीटर कोमट येतो

व्हॅनचा हीटर आपला आपणच दुरुस्त करायचा, असं इसहाक सरांनी एका सकाळी चहा पिता पिता ठरवलं. बस, एवढंच ठरवलं. माणूस असा एखादा लहानसा निर्णय घेतो, वर अर्धा कप चहा जास्तीचा मागतो, आणि पुढचे बारा दिवस त्याची फळं घरादाराला भोगावी लागतात.

सर म्हणजे श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात चौतीस वर्षं विज्ञान शिकवून, शेवटी मुख्याध्यापक होऊन रिटायर झालेले. रिटायर झाले ते शाळेतून, शिकवण्यातून नव्हे. दूधवाला आला की त्याला ते दुधाची घनता समजावायचे, इस्त्रीवाल्याला वाफेचे गुणधर्म सांगायचे, आणि कुकरची शिट्टी का होते हे त्यांनी स्वतःच्या बायकोला, म्हणजे रूथबाईंना, किमान चाळीस वेळा सांगितलं असेल. रूथबाई तीस वर्षं रोज दोनदा कुकर लावत आल्या होत्या, तरी दर वेळी ‘हो का’ म्हणायच्या. संसार टिकतात ते असे.

व्हॅन एकोणीस वर्षांची. नगरच्या कॅम्पातल्या एका फौजी साहेबाकडून सेकंड हॅन्ड घेतलेली. (नगर म्हणजे कागदावरचं अहिल्यानगर. सर दोन्ही नावं आळीपाळीने वापरायचे, कुणाला वाईट वाटायला नको.) साहेबाने ती उत्तरेत कुठे बर्फात फिरवली होती, म्हणून तिला हीटर होता. घेतली तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. आपल्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं, तिथे हीटर काय करायचा? पण सरांना त्या निळ्या-लाल पट्टीवरच्या दांडीचा फार अभिमान. दांडी निळ्याकडे नेली की गार, लालकडे नेली की गरम. आता चार वर्षं झाली, लालकडे नेली तरी कोमटच येत होतं ही गोष्ट वेगळी. कुणी विचारत नव्हतं, म्हणून अडत नव्हतं.

यंदा मात्र अडलं, आणि अडलं ते सासूबाईंपाशी.

साळूबाई, रूथबाईंची आई, वय अठ्ठ्याहत्तर. लेकीकडेच राहायच्या. त्यांची थोरली बहीण दयाबाई नगरपलीकडे कर्जतजवळच्या वस्तीवर, वय चौऱ्यांशी. दोघींचा साठ वर्षांचा शिरस्ता होता, की नाताळच्या सकाळची उपासना दयाबाईंच्या गावच्या चर्चमध्ये एका बाकावर बसून करायची, मग साळूबाईंच्या हातचे अनारसे खायचे आणि अनारसे बिघडलेत असं दयाबाईंनी म्हणायचं. वर्षातून ही एकच भेट. फोन करावा तर दयाबाईंना फोनवरचं काहीच ऐकू येत नाही. इकडून साळूबाई ‘आक्का, मी साळू’ म्हणून ओरडायच्या, तिकडून दयाबाई ‘राँग नंबर हाय’ म्हणून ठेवून द्यायच्या. त्यामुळे काय बोलायचं ते कानाला तोंड लावून, समोरासमोर, नाताळातच.

पण गेल्या नाताळात पहाटेच्या त्या गारठ्यात, त्या कोमट व्हॅनमधून जाऊन आल्यावर साळूबाईंना न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, की छातीला थंड हवा लागता कामा नये, पहाटेचा प्रवास तर नाहीच. रूथबाईंनी ते वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

सरांचे साडू पॉल श्रीरामपूरला असतात. त्यांच्याकडे नवी गाडी. चोवीस अंश म्हटलं की आत चोवीस अंश. पॉलने मोठ्या मनाने गाडी देऊ केली, पण ती इतकी बुटकी की साळूबाईंना गुडघे वाकवून तिच्यात बसवायला दोन माणसं लागली आणि बाहेर काढायला चार. व्हॅनचा दरवाजा सरकता, सीट उंच, खुर्चीत बसल्यासारखं बसता यायचं. म्हणजे जायचं तर व्हॅननेच, आणि व्हॅनने जायचं तर हीटर हवा. रूथबाईंनी तेरा डिसेंबरला स्पष्ट सांगून टाकलं. हीटर नीट झाला तर आई जाईल, नाही तर आई घरी बसेल आणि पुढच्या वर्षी मावशी असेल की नसेल ते परमेश्वर जाणे.

गावात सुनीलचं गॅरेज होतं. रूथबाई म्हणाल्या, त्याला दाखवा. सरांनी आणखी अर्धा कप चहा मागितला. सुनील त्यांचाच विद्यार्थी. आता पंचेचाळिशीचा, दोन पोरांचा बाप, पण सरांच्या मनात तो अजून आठवीतच होता. ‘उष्णता’ या धड्यावरच्या चाचणीत सरांनी त्याला दहापैकी दीड मार्क दिला होता. एक उत्तराचा, अर्धा अक्षराचा. ज्याला उष्णतेत दीड मार्क, त्याच्यापुढे उष्णतेची तक्रार घेऊन जायचं?

“मी बघतो,” सर म्हणाले. “साधा धडा आहे. अभिसरण.”

तर हा तो निर्णय.

सरांनी कपाटातून प्रयोगवही काढली. दोनशे पानी, रेघांची, एका बाजूला कोरं पान आकृतीसाठी. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘उद्देश : हीटर कोमट का येतो याचे कारण शोधणे.’ साहित्य म्हणून मोबाईल, पाने, पक्कड आणि एक तापमापी. (तापमापी शाळेची. निरोप समारंभात शालीबरोबर चुकून घरी आली होती, आणि सर ती परत करणारच होते.) साहित्याच्या यादीत शेवटी त्यांनी ‘सासूबाई’ असंही लिहिलं होतं, कारण गरम-गार सांगायला कुणीतरी आत बसायला हवं होतं. रूथबाईंनी ते खोडायला लावलं.

प्रयोग अंगणातच चालायचे, ओट्यासमोर, नाताळच्या ताऱ्याखाली. हा ताराही सरच दरवर्षी बनवत, बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाचा, तीन फुटी. उत्तरेचा वारा सुटला की तारा गरागरा फिरायचा, म्हणून त्याच्या शेपटीला सरांनी कसलीशी पितळी वस्तू वजन म्हणून बांधली होती. साळूबाई दिवसभर त्याच्याखाली खुर्ची टाकून कानटोपी घालून उन्हात बसायच्या आणि जावयाचं शास्त्र बघायच्या. टीव्हीपेक्षा त्यांना हे बरं वाटायचं.

पहिला प्रयोग हवेचा. मोबाईलवर एक परदेशी गृहस्थ कमरेएवढ्या बर्फात उभे राहून सांगत होते, की आधी पंखा तपासा. सरांनी डॅशबोर्डचा अर्धा भाग उतरवला. आत कडुनिंबाचा पाला, एका लग्नाची पत्रिका, आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेला रूथबाईंचा विणलेला मोजा सापडला. त्या मोज्यात उंदरांचं एक कुटुंब वाढून संसाराला लागून निघूनही गेलं होतं. पंख्याचं बटण ढिलं होतं, तर सरांनी ते काढूनच टाकलं आणि पंखा ‘डायरेक्ट’ केला. म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू, गाडी बंद तेव्हाच पंखा बंद. सगळं परत बसवल्यावर सात स्क्रू उरले. सर म्हणाले, कंपन्या जास्तीचेच लावतात.

हवा आता भरपूर येऊ लागली. साळूबाईंना आत बसवलं, गाडी चालू केली. दहा मिनिटांनी त्या काच खाली करून म्हणाल्या, “जावईबापू, आदी कमी गार लागत हुतं. आता लई गार लागतंय.”

सरांनी वहीत लिहिलं, ‘निरीक्षण : हवेचा वेग वाढला. तापमान २३ अंश. प्रगती समाधानकारक.’

दुसरा प्रयोग पाण्याचा. इंजिनातलं गरम पाणी हीटरच्या जाळीतून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा मारतो, एवढं सरांना पक्कं ठाऊक होतं. पाणी कमी होतं, ते भरलं. मग त्यांना शंका आली की पाण्यात हवेचा बुडबुडा अडकलाय. बुडबुडा काढायचा तर गाडीचं तोंड वर हवं. पुढची दोन चाकं त्यांनी फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, आणि साळूबाईंना सांगायचं राहून गेलं की खाली उतरा. गाडी तासभर आकाशाकडे तोंड करून उभी, आणि मागच्या सीटवर साळूबाई पाठीवर रेलून अनारशाच्या पिठाचा विचार करत बसलेल्या. शेजारच्या ज्योतीवहिनींनी कुंपणावरून विचारलं, की आजी कुठं निघाल्या. साळूबाई म्हणाल्या, इमानानं चाललेय.

तापमान तेवीसच.

खरं सांगायचं तर साळूबाईंना एक गोष्ट त्या तासाभरात दिसली होती आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. स्टिअरिंगसमोरचा एक काटा, इंजिनाच्या तापमानाचा, तळाशी पडून होता. इंजिन एवढं गुरगुरतंय, तर हा का उठत नाही? सर मायेने हसले. तोच तर आपल्या गाडीचा गुण, ते म्हणाले. लोकांच्या गाड्या घाटात तापतात, उकळतात. आपला काटा चार वर्षांत वर गेलेला नाही. थंड इंजिन म्हणजे निरोगी इंजिन. साळूबाई पुन्हा पिठाचा विचार करू लागल्या. जावयाशी वाद घालू नये, आणि मास्तराशी तर नाहीच नाही.

तिसरा प्रयोग चिंचेचा. तो सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो.

पाण्याची जाळी गंजाने तुंबली असणार, असं सरांनी अनुमान काढलं. परदेशी गृहस्थ तिच्यात कसलंसं ॲसिड घालत होते. सर म्हणाले, ॲसिडच ना? तांब्याचे हंडे आपल्याकडे कशाने निघतात? रूथबाईंनी नाताळच्या चटणीसाठी ठेवलेली किलोभर चिंच त्यांनी बादलीत कोळली, हीटरचे दोन्ही पाइप सोडले, एकातून चिंचेचा कोळ आत ओतला आणि दुसऱ्याला बागेची नळी लावली. नळीची तोटी जोरात सोडली. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग आत काहीतरी खाकरलं. पाइप सरांच्या हातातून सुटला, सापासारखा उभा राहिला, आणि एकोणीस वर्षांचा गंज चिंचेच्या कोळात कालवून नाताळासाठी कालच रंगवलेल्या घराच्या भिंतीवर फेकला. रंग ‘हस्तिदंती’ होता. रूथबाई करंजीचं सारण हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सारण खाली ठेवलं. आत गेल्या, पाळकसाहेबांनी दिलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन आल्या आणि डागावर लावलं. डाग कॅलेंडरपेक्षा बराच मोठा होता, त्यामुळे कॅलेंडरला किरणं फुटल्यासारखी दिसत होती.

त्या गडबडीत आणखी एक झालं. लाल-निळ्याची दांडी सरांनी लालकडे इतक्या जोरात ओढली की तिची तार तुटली. त्या तारेने उघडबंद होणारा गरम पाण्याचा कॉक सरांनी पूर्ण उघडून तांब्याच्या तारेने कायमचा बांधून टाकला. निळ्याकडे न्यायची आता गरजच काय? तापमान चोवीस झालं. एक किलो चिंच, एक भिंत आणि एक अंश.

तेवीस तारखेला दुपारी सर ओट्यावर आले तेव्हा साळूबाई अनारसे डब्यात भरत होत्या. पितळी डबा, दरवर्षीचाच. खाली कागद, वर कागद. डबा बंद करून त्यांनी तो सरांच्या हातात दिला.

“तुमीच जाऊन या,” त्या म्हणाल्या. “आक्काला द्या. म्हनावं, साळू बरी हाय, पन यंदा येत न्हाई.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तिला ऐकू यायचं न्हाई. कागदावर लिवून न्या. तिला वाचताबी येत न्हाई म्हना.”

एवढं बोलून त्यांनी कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि ऊन खात बसल्या. ऊन केव्हाच गेलं होतं. सर डबा हातात घेऊन उभेच राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. चौतीस वर्षांत वर्गासमोर कधी ‘मला येत नाही’ म्हणालेले नव्हते, पण त्या डब्यासमोर, आपल्याला हे येत नाही, हे त्यांना कळून चुकलं. प्रयोगवही मिटून ते आत गेले, डबा देवखोलीतल्या टेबलावर बायबलशेजारी ठेवला, आणि चोवीस तारखेला सकाळी नऊ वाजता, थंडी म्हणून सदऱ्यावर सदरा घालून, मान खाली घालून, सुनीलच्या गॅरेजात गेले.

सुनील लगेच आला. ‘सर, तुमी कशाला आलात, फोन करायचा’ म्हणाला. गाडी चालू केली, बॉनेट उघडलं आणि पुढच्या जाड पाइपवर हात ठेवला. एक मिनिट तसाच उभा राहिला, ताप बघणाऱ्या डॉक्टरसारखा. सरांनी प्रयोगवही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने ती अदबीने बाजूला सारली.

“सर, तो वॉल परत बसवला न्हाई का?”

“कसला वॉल?”

सुनील अवघडला. पायाने जमीन उकरू लागला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थर्मोस्टॅट म्हणतात त्याला, गॅरेजात ‘वॉल’. पाणी तापेपर्यंत तो दार लावून बसतो, पुढे पाणी गार करणाऱ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पाणी चांगलं कढत झालं की उघडतो. तो नसला की पाणी इकडे तापलं की तिकडे निवलं. इंजिनही थंड, हीटरही थंड, काटाही थंड.

“मग तो गेला कुठे?” सरांनी विचारलं.

“चार वरसांमागं, मे महिन्यात, राहुरीच्या अलीकडं गाडी तापली हुती. तवा तुमीच काढायला लावला. मी नको म्हनत हुतो, थंडीत हीटर मरल म्हनलो. तर तुमी म्हनलात,” इथे सुनील थांबला, कारण सरांचं बोलणं सरांनाच ऐकवणं त्याला जड जात होतं, “‘गाढवा, हे थंड देशांसाठी असतं. आपल्या हवामानात त्याचा उपयोग शून्य. उष्णतेत तुला किती मार्क होते?’ मी म्हनलो, दीड. मग काढला.”

ओट्यावर रूथबाई उभ्या होत्या. कानटोपी वर करून साळूबाई ऐकत होत्या. कुंपणापलीकडे ज्योतीवहिनी वाळत घातलेलं धुणं पुन्हा पुन्हा वाळत घालत होत्या. सरांना सगळं आठवलं. अगदी ‘गाढवा’सकट.

आता नवा वॉल हवा. सुनीलने श्रीरामपूरला फोन लावला, तर ही गाडी जुनी, तिचं सामान बंद. नगरला लावला, मागवून देऊ, नाताळनंतर. सुनील म्हणाला, जुना जपून ठेवा असं मी सांगितलं होतं, चांगला होता तो. सर कधीच काही फेकत नाहीत हे खरं. मग जी शोधाशोध सुरू झाली तिला तोड नाही. माळा उतरवला, ट्रंका उपसल्या, टेबलाच्या खणातून रबर लावलेले खडू, तीन शाळांच्या किल्ल्या, एका तपासणीसाहेबांची कवळी निघाली. वॉल निघाला नाही. अकरा वाजले. रूथबाई करंज्या तळायच्या थांबल्या आणि पलंगाखाली शिरल्या. आज सापडला नाही तर उद्या काय होणार ते सगळ्यांनाच माहीत होतं.

“दिसतं कसं ते?” साळूबाईंनी बाहेरून विचारलं.

सुनीलने सांगितलं. पितळी, तळहाताएवढं गोल, खाली स्प्रिंग, मध्ये बुटकासा दांडा.

साळूबाईंनी काठी उचलली आणि वर केली.

“तसलं एक रोज माज्या डोक्यावर डुलतंय.”

सगळे बाहेर आले आणि वर बघत उभे राहिले. ताऱ्याच्या शेपटीला, सरांनी स्वतःच्या हाताने दुहेरी गाठ मारून, चौथ्या नाताळात सलग चौथ्यांदा बांधलेला थर्मोस्टॅट उत्तरेच्या वाऱ्यात हळूहळू फिरत होता. बारा दिवस त्याच्या बरोबर खाली उभी राहून व्हॅन कोमट वारा सोडत होती. सर स्टूल आणायला आत गेले, आणि जरा जास्तच वेळ आत राहिले.

वॉल काळा पडला होता. उरलेल्या चिंचेच्या चोथ्याने रूथबाईंनी घासला, लख्ख झाला. (चिंच अगदीच वाया गेली नाही, हे सरांनी नंतर वहीत लिहिलं.) सुनील म्हणाला, अजून चालतो की नाही ते उकळत्या पाण्यात टाकून बघू. रूथबाईंनी गाडीचा भाग चहाच्या पातेल्यात घालायला साफ नकार दिला. तेव्हा साळूबाई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, घाल गं, चहा मी पिईन. मग शेगडीभोवती चौघे उभे राहिले. पाणी तापलं, बुडबुडे आले, वाफ धरली. वॉल तसाच. सरांनी तापमापी धरली होती आणि ते आकडे मोठ्याने वाचत होते. ऐंशी. ब्याऐंशी. आणि मग ती पितळी पापणी हळूच उघडली. साळूबाई एवढंच म्हणाल्या, “जागं झालं.”

सर सवयीने म्हणाले, की हेच मी आठवीला शिकवत होतो, प्रसरण. साळूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुनीलकडे पाहिलं, आणि पातेलं खाली उतरवलं. सुनीलने दुपारपर्यंत वॉल बसवला आणि निघताना दोन करंज्या घेतल्या. दांडीची तार आणि पंख्याचं बटणही बघू का, असं त्याने जाता जाता विचारलं. पण हीटरच्या तोंडाशी तापमापी चोपन्न अंश दाखवत होती, आणि चोपन्न अंशांत माणसाला दुसरं काही सुचत नाही. सर म्हणाले, ते राहू दे, आता सगळं उत्तम आहे.

नाताळच्या पहाटे साडेपाचला निघाले. बाहेर नऊ अंश, उसाच्या शेतांवर धुकं, आणि आत उबदार. साळूबाई मागे पाय पसरून बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि राहुरीच्या आत घोरायला लागल्या. काटा बरोबर मध्यावर. सर त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसे कौतुकाने बघत होते. इतका आनंद त्यांना मुख्याध्यापक झाले तेव्हाही झाला नव्हता.

नगर ओलांडलं आणि सूर्य वर आला. सरांनी दांडी निळ्याकडे नेली. दांडी सहज आली, हातातच आली. मग त्यांना ती तांब्याची तार आठवली. पंखा बंद करावा म्हणून हात पुढे केला, तर बटणाच्या जागी भोक, आणि त्यातून गरम वारा. त्यांनी काच दोन बोटं खाली केली, तर मागून झोपेतच आवाज आला, “वारं लागतंय.” रूथबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की काच आपोआप वर गेली.

पुढचं काय सांगावं. सरांनी आधी मफलर काढला. मिरजगावच्या अलीकडे कोट. मिरजगावात टाय आणि स्वेटर. मग सदरा, आणि कर्जत दिसू लागलं तेव्हा आतला दुसरा सदरा. सव्वानऊला व्हॅन चर्चच्या फाटकात शिरली तेव्हा तिथले पाळकसाहेब आणि निम्मी मंडळी दाराशी स्वागताला उभी होती, आणि स्टिअरिंगमागे बेलापूरचे माजी मुख्याध्यापक बनियनवर, भिजलेल्या उंदरासारखे बसले होते. साळूबाई मात्र गुलाबी गालांनी, ताज्यातवान्या उतरल्या. दयाबाई काठी टेकत पुढे आल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सरांनी तेवढ्यात सदरा घातला, आणि डोळे पुसले. घाम होता, असं त्यांनी रूथबाईंना सांगितलं.

उपासना झाली, अनारसे बिघडले असल्याचं जाहीर झालं. दुपारी वारा सुटला. आणि मग दोघी बहिणींना कळेना की बोलायचं कुठे. दयाबाईंच्या कानात ओरडून सांगितलेलं अख्ख्या वस्तीला ऐकू जातं, आणि वर्षभराच्या मनातल्या गोष्टी काही वस्तीसाठी नसतात. साळूबाईंनी व्हॅनकडे बोट दाखवलं. दोघी आत बसल्या, काचा वर, दरवाजा बंद. हीटर हवा, म्हणजे इंजिन चालू हवं, म्हणजे पुढे सर हवेत. पुन्हा बनियनवर.

साळूबाई बोलू लागल्या. दवाखान्याचं सांगितलं. जीव जाईल असं वाटलं होतं, तुझी भेट व्हायची नाही असं वाटलं होतं, ते सांगितलं. सर समोर बघत बसले. मग साळूबाई आणखी मोठ्याने, कानाला तोंड लावून म्हणाल्या, “नऊ दिस ह्यो मानूस माज्या पायाशी बसला गं. हातानं पेज पाजली. त्वांडावर कदी म्हनले न्हाई. अक्कल जरा कमी हाय त्याला, पन जीव लई लावतो.”

दयाबाईंनी मान डोलावली. पुढच्या सीटवरच्या भिजलेल्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. सरांनी समोरच्या आरशातून मागे पाहिलं. वळून काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं, आणि ते वळलेही.

दयाबाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढला.

“गाडी बरी हाय, साळू,” त्या म्हणाल्या. “पन हीटर जरा मंद हाय. ह्याला म्हनावं, कुना जानकाराला दाखव.”